बोर्डाने गिळलेलं बोलणं

वायरलेसच्या सर्किट बोर्डाने गिळलेलं बोलणं आमच्या कारखान्यात भट्टीत भाजून परत काढतात. बावीस वर्षं ती भट्टी मीच सांभाळतो. फ्रिक्वेन्सी जितकी जास्त, तितका बोर्ड अधिक गिळतो. त्यातून बोर्डाचा माल हलक्या प्रतीचा असला तर निम्मी वाक्यं आतच राहतात आणि बोर्डाचं वजन वाढतं. भट्टीतून शब्द निघतो तो एकदाच. ऐकला तर ऐकला.

मंगळवारी दुपारी लीलावती डोर्लेकर बंदरावरून रिक्षाने आली. घरच्या वायरलेसचा बोर्ड तिने पदरात गुंडाळून आणला होता.

"दिराची होडी खडपावर, पाण्यातल्या खडकांवर चढलीय, काका. पाच माणसं आहेत. त्याने जागा सांगितली, नि नेमकी जागाच याने गिळली. मग पुन्हा आवाजच नाही. भरती आली की होडी फुटेल."

नोंदणीच्या टेबलावरच्या परचुरे साहेबांनी अर्ज काढला. "शब्द तातडीचे की साधे?"

"अहो साहेब, पाणी चढतंय!"

"म्हणजे तातडीचे," साहेब म्हणाले आणि खूण केली.

मी बोर्ड काट्यावर ठेवला. कोऱ्या बोर्डापेक्षा अकरा ग्रॅम जास्त.

"एका जागेच्या नावाचे अकरा?" साहेबांनी चष्मा वर केला. "बोर्ड किती वर्षांचा?"

"नऊ. आधी सहा वर्षं आमचे हे बोलायचे होडीवरून. ते गेल्यावर दीर बोलतो."

एकशे वीस अंशांवर चार तास ठेवला तर सगळं शाबूत निघतं, पण जुनं आधी. एकशे सत्तरवर नवं बोलणं दहा मिनिटांत वर येतं आणि जुनं आतल्या आत जळतं. हे तिला मलाच सांगावं लागलं.

"भरतीला किती वेळ आहे?" मी विचारलं.

"तास. फार तर सव्वा." तिने बोर्डावरून बोट फिरवलं. "त्यांचं किती असेल आत?"

"नऊ-दहा ग्रॅम, पोरी."

तिने बोट काढून घेतलं.

"वाढवा, काका."

मी भट्टीचा काटा एकशे सत्तरवर नेला. तिघांनीही दाराला कान लावले. आठ मिनिटं नुसता पंखा घरघरत होता. नवव्या मिनिटाला तरुण माणसाचा धापा टाकणारा आवाज आला, "घोड्याच्या खडपामागं. दक्षिणेला." लीलावतीने तेच शब्द फोनवरून गस्तीच्या बोटीला सांगितले. दोनदा सांगितले.

तोवर करपल्याचा वास सुटला होता. आत कोणी तरी पुटपुटत होतं, पण एकही शब्द लागत नव्हता. गरम भट्टीचं दार उघडायचं नाही, असा नियम आहे. मी उघडलं आणि बोर्ड बाहेर ओढला.

पावणेपाचला फोन आला. पाचही जण बोटीत आले होते. लीलावती "बरं" म्हणाली आणि भिंतीला टेकून खाली बसली.

"जळालेल्या शब्दांच्या रकान्यात किती लिहू?" साहेबांनी हळू विचारलं.

निवलेला बोर्ड मी काट्यावर ठेवला. काटा थरथरला आणि थांबला.

"साहेब, एक ग्रॅम आहे अजून."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. कारखाना साडेपाचला बंद होतो. "नवा अर्ज लागेल," ते म्हणाले आणि स्वतःच भरायला बसले. "शब्द तातडीचे की साधे?"

"साधे," लीलावती म्हणाली.

मी भट्टी एकशे वीसवर लावली आणि तिच्यासाठी स्टूल ओढलं.