पाण्याच्या दिवशी मंदावणारा पंखा

पाणी सुटण्याच्या दिवशी बसप्पांच्या डोक्यावरचा पंखा हमखास मंदावत असे. एरवी नाही, नेमका त्याच दिवशी. निवृत्तीनंतर विजेविषयीचे व्हिडिओ मन लावून पाहणाऱ्या बसप्पांना यात योगायोग दिसणे शक्यच नव्हते.

“शेजारचा इमामसाब आपला करंट ओढतोय,” त्यांनी पत्नीला सांगितले.

“करंट काय पाणी हाय का, ओढायला?” सोजरबाई नजर चुकवून म्हणाल्या.

“तसंच की! व्होल्टेज म्हणजे टाकीची उंची, करंट म्हणजे धार. बॅटरीतला डीसी सरळ एका दिशेनं जातो. घरातला एसी मात्र सारखा पुढं-मागं. मागं गेला की ह्यो भिंतीपलीकडं धरून ठेवतोय!”

“कायतरीच तुमचं. त्याची बायको सरदारबी मला सख्ख्या बहिणीवानी हाय.”

बसप्पांनी भिंतीला कान लावला. कुठूनतरी बारीक घरघर येत होती. त्यांच्या संशयाला तेवढा पुरावा पुरला. त्यांनी तत्काळ मोबाइलवरून वीज कार्यालयात इमामसाबविरुद्ध तक्रार नोंदवली.

पुढच्या पाण्याच्या दिवशी वीज कार्यालयातल्या अभियंता दिपालीने दाराची कडी वाजवली. तक्रारीची गोष्ट सोजरबाईंना तेव्हा प्रथम कळली. त्यांनी नवऱ्याला ओढतच न्हाणीघरात नेले आणि पालथा टब उचलला. खाली मोटार घरघरत होती. तिची नळी खिडकीतून थेट इमामसाबच्या हौदात गेली होती.

“अवो, मोटार आपली हाय! नळालाच लावलीय. अर्दं पाणी आपल्याला, अर्दं सरदारबीला.”

“मला का सांगितलं न्हाईस?”

“तुमी तत्त्वाचं माणूस! महापालिकेला कळलं तर मोटार उचलून नेतील. मग दोन घरांनी प्यायचं काय?”

बाहेर दिपालीने व्होल्टेज मोजले होते. “वायर जुनी आणि बारीक आहे. मोटार भरपूर करंट घेते, वाटेतच व्होल्टेज पडतं आणि पंख्याला पॉवर कमी मिळते. जवळ कुठं मोटार चालू आहे का?”

“मोटार? छे!” बसप्पा न्हाणीघराच्या दाराला पाठ लावून उभे राहिले.

तोच इमामसाब आत आले. “अण्णा, माझ्यावर तक्रार केली म्हणं तुमी?”

“तक्रार कसली! बोट चुकून लागलं, इमामभाई.”

इमामसाबनी त्या दाराकडे पाहिले, मग बसप्पांकडे. तेही शेजारी येऊन उभे राहिले. “मॅडम, आमच्या दोन्ही घरांत मोटार न्हाय.”

दिपालीने क्षणभर घरघर ऐकली, पिशवी बंद केली आणि आवाज खाली आणला.

“खरं सांगा, किती एचपीची आहे? आमच्या घरी अर्ध्या एचपीची आहे. वरच्या मजल्यावर पाणीच चढत नाही.”