नेपेंथीवाले परचुरे

हातात थर्मास घेतलेले परचुरे दिसले की आमच्या कुवेतमधल्या मंगाफच्या बिल्डिंगमधले भलेभले इंजिनियर पलंगाखाली शिरत. खोटं नाही सांगत. एकदा ते सहलीला म्हणून थर्मास घेऊन लिफ्टमध्ये शिरले, तर आतला साताऱ्याचा फोरमन जागच्या जागी बेशुद्ध. कारण परचुऱ्यांचा थर्मास आला म्हणजे गावाकडे कुणीतरी गेलं.

नव्वदीतली गोष्ट. आम्ही सगळे शुऐबाच्या रिफायनरीत शिफ्टला, म्हणून अडीअडचणीसाठी घरच्यांना नंबर परचुऱ्यांचा दिलेला. ते सडाफटिंग फार्मासिस्ट, दुकानात फोन कायम हाताशी. वाईट बातमी आधी त्यांना कळायची, आणि माणूस विमानात बसेपर्यंत धड ठेवायचं कामही त्यांनीच अंगावर घेतलेलं.

माणसाला बसवायचं, चहा ओतायचा आणि सुरू. "हा साधा चहा नाही, नेपेंथी आहे. ग्रीक शब्द. 'ने' म्हणजे नाही, 'पेंथोस' म्हणजे शोक. आपला अशोकच म्हणा. एका राणीला ते औषध मिसरातून मिळालं, ती दारूत घालायची. मग डोळ्यांदेखत भाऊ मारला तरी त्या दिवशी टिपूस नाही. आता ती अफू होती की आणखी काही, यावर पंडितांत..." पंडितांची भांडणं मिटेपर्यंत समोरचा इतका बधिर व्हायचा, की बातमी ऐकून निमूट बॅग भरायचा.

चहात खरंच काहीतरी घालतात, अशी निम्म्या बिल्डिंगची खात्री. कुवेतमध्ये तसलं काही सापडतं तर आख्खी बिल्डिंग आत गेली असती. मी गुपचूप चाखला. आलं, वेलची आणि बेसुमार साखर.

बाबा महिनाभर अंथरुणाला खिळले होते. एका शुक्रवारी दार उघडलं, तर परचुरे. हातात थर्मास.

"हा साधा चहा नाही," ते म्हणाले. "'ने' म्हणजे नाही. 'पेंथोस' म्हणजे..." आणि थर्मासचं झाकण नुसतं फिरवत राहिले.

"बाबा?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली आणि हमसून रडायला लागले. बाबांना त्यांनी कधी पाहिलंसुद्धा नव्हतं. पाणी मी दिलं, पाठही मीच थोपटली. म्हटलं, परचुरे, तुम्ही का इतकं लावून घेता?

"दर वेळी होतं," ते म्हणाले. "जिन्यात जाऊन रडतो. आज जिन्यापर्यंत पोचलो नाही, माफ करा. माझी आई गेली तेव्हा दुकानात फोन आला. काउंटरवर रांग होती. फोन ठेवला आणि गिऱ्हाइकांना 'जेवणानंतर एक, झोपताना एक' सांगत राहिलो. कुणी 'जरा खाली बस' म्हणालं नाही."