सकाळी उतरणारा ताप

मुद्रितशोधकाचा ताप संध्याकाळी सहाला चढायचा आणि सकाळी दवाखाना उघडायच्या आत उतरायचा.

"नॉर्मल," डॉक्टर थर्मामीटर झटकत म्हणाले.

"काल रात्री घामाने दोन चादरी भिजल्या हो. कंबर तर तुटून पडते."

"बैठं काम तुमचं. थोडं फिरत जा."

एकदा तो मुद्दाम संध्याकाळी गेला, तर त्या आठवड्यात ताप फिरकलाच नाही. पुढच्या सोमवारी घरी पुन्हा हजर! आधी काळजीने विचारणारी बायको आता संशयाने विचारू लागली, "अहो, डॉक्टरला बघून पळून जातो, असा कसला हो ताप?"

थोरला भाऊ शेजारच्याच खोल्यांत राहायचा. निवृत्त व्यायामशिक्षक; बायको-मुलं नाहीत, परसात तीन शेळ्या. त्याच्या मते जगात रोग एकच, अशक्तपणा. आणि त्यावर औषधही एकच, धारोष्ण दूध. रोज सकाळी फेसाळता पेला तो स्वतः आणून द्यायचा.

"भाऊजी, उकळून देते ना," बायको म्हणायची.

"उकळलं की सत्त्व गेलं. मग नळाचं पाणीच प्या की!"

धाकटा जसजसा खंगत गेला, तसतसा एकाचे दोन पेले झाले.

अशात एका संध्याकाळी, अंगात कणकण असताना, त्याच्यापुढे एका बड्या व्यापाऱ्याच्या निधनाची जाहिरात आली. अक्षरं डोळ्यांपुढे पोहत होती. त्याने सही केली आणि सकाळी वर्तमानपत्रात व्यापाऱ्याचं 'सुखद निधन' झालं. नऊच्या आत व्यापाऱ्याचे दोन्ही मुलगे छापखान्यात. त्यांतला थोरला टेबल बडवत होता. धाकटा मात्र हळूच विचारत होता, की हे छापायला नेमकं कुठल्या सुनेने सांगितलं?

"पंचवीस वर्षांत तुमच्या हातून साधा रफार सुटला नाही," व्यवस्थापक म्हणाले, "आणि आज आख्खा माणूस सुखात घालवलात! आजारपणाचा दाखला आणा. नाहीतर येऊ नका."

"ताप नाही, तर दाखला कशाचा देऊ?" डॉक्टर म्हणाले.

अकरा दिवस तो घरी बसून राहिला. बायको बोलेनाशी झाली. भाऊ बोलायचा, तेच बरं नव्हतं. "ढोंगाला औषध नाही. तरी दूध घे."

बाराव्या दिवशी सकाळी गाभण शेळी गाभडली. महिन्यातली दुसरी. भावाने पडलेला गर्भ, वार, सगळं दोन्ही हातांनी उचलून उकिरड्यावर टाकलं आणि जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी आल्याआल्या कोपरापर्यंत हातमोजे चढवले.

"हे तुम्ही उघड्या हातांनी उचललंत?"

"मग काय चिमट्याने उचलू?"

"आधी खड्डा खणा, चुना टाका आणि पुरा ते." बोलताबोलता त्यांची नजर पायरीवर घोंगडी पांघरून बसलेल्या धाकट्याकडे गेली. "यांना काय होतंय?"

"काही नाही. ढोंग."

"ताप येतो-जातो? रात्री घाम फुटतो? सांधे धरतात?"

मुद्रितशोधकाचे डोळे भरून आले. तीन महिन्यांत इतकं बिनचूक कुणी विचारलंच नव्हतं. "हो. पण तुम्ही तर जनावरांच्या..."

"म्हणूनच ओळखीचा वाटतो. ब्रुसेलोसिस असावा. कच्च्या दुधातून येतो, नाहीतर गाभडलेल्या जनावराला असा उघडा हात लावला की. चिठ्ठी देते, तुमच्या डॉक्टरांना दाखवा. रक्त घरातल्या सगळ्यांचं तपासा."

बायको सुटली, शेळीच्या दुधाचा वासच तिला सोसत नसे. दोघे भाऊ मात्र सापडले. दोघांना सहा आठवडे गोळ्या.

"दादा, तुलाही ताप येत होता?"

भाऊ भिंतीकडे बघत होता. "दोन महिने झाले."

"आणि ढोंगी मी?"

"मला वाटलं, म्हातारपण आलं. ते काय सांगत सुटायचं असतं?"

यावर कुणाला हसू आलं नाही.

दाखला घेऊन धाकटा छापखान्यात गेला. व्यवस्थापकांनी तो दोनदा वाचला आणि रोगाचं नाव शुद्ध लिहिलंय का, हे त्यालाच विचारलं. मग म्हणाले, "बरे होऊन या."

शेळ्यांना तशी सवलत नव्हती. तिन्हींच्या रक्तात रोग निघाला.

"औषध द्या ना," भाऊ म्हणाला. "मला देतात, त्यांना का नाही?"

"जनावरातून हा जात नाही. लहानपणीच लस टोचलेली असती, तर..." लसवाला तेव्हा आला होता. "माझी जनावरं धडधाकट आहेत," म्हणून भावानेच त्याला फाटकातून परत पाठवलं होतं. हे त्याने बाईंना सांगितलं नाही.

त्यांना मारावंच लागणार होतं; दुपारी न्यायला गाडी आली. "मीच चढवतो त्यांना," तो म्हणाला. बाईंनी हातमोजे पुढे केले. धाकट्याला वाटलं, आता दादाचं व्याख्यान होणार. पण त्याने ते मुकाट्याने चढवले, एकेक बोट नीट ओढून. तिघींना एकेक करून गाडीत चढवलं. सर्वांत म्हातारीच्या कपाळावरून, पाठीवरून बराच वेळ हात फिरवत राहिला.

"यातून ऊब लागत नाही गं," तो तिला म्हणाला.