चौऱ्याण्णव टक्के जुळणी

वृषालीने शिवमच्या स्थळाला दिलेले ‘नाही’ लासुर्ण्याच्या वधू-वर बैठकीच्या इतिवृत्तात कसे नोंदवावे, हे महिपततात्यांना सुचेना. पंखा तेवढा फिरत होता. शिवम स्वतःच्या बुटांकडे पाहत होता. त्याला तेही अपमानित दिसत होते.

तात्यांची उभी हयात पशुधन पर्यवेक्षक म्हणून गेली. कोणत्या गाईला कोणता वळू, याबाबत पंचक्रोशीत त्यांचा शब्द अखेरचा. निवृत्तीनंतर त्यांनी वधू-वर सूचक मंडळ काढले आणि गाईंचे उरलेले फॉर्म वाया जाऊ नयेत म्हणून तेच वापरले. ‘दुग्धोत्पादन’ खोडून ‘शिक्षण’ केले. ‘स्वभाव : शांत / मारका’ हा रकाना मात्र विचारपूर्वक कायम ठेवला.

शिवमला हे शास्त्र मनापासून पटले होते. वृषाली दिसली की गेली तीन वर्षे त्याच्या छातीत धडधडे, ओठ कोरडे पडत. आधी ही कविता असावी असे समजून त्याने वह्या भरल्या. तात्यांनी रक्त तपासून संप्रेरके दाखवली, तेव्हा आपल्या वेदनेला शासकीय मान्यता मिळाल्यासारखे त्याला वाटले. मग मंडळात नाव नोंदवताना दिलेला वृषालीचा नमुनाही ताडून पाहण्यात आला.

“पोरी, चौऱ्याण्णव टक्के जुळतंय,” तात्या समजावणीच्या सुरात म्हणाले. “तुझ्या रक्तालाच पोरगा पसंत हाय. तू कोण न्हाय म्हणणारी?”

“मग रक्ताची बाटली द्या त्याला, तात्या. मी निघते.”

तात्यांनी शेरा लिहिला : ‘नकार तणावजन्य. महिन्याने फेरतपासणी.’ शिवमच्या मनाला पालवी फुटली. वृषालीपेक्षा तिच्या रक्ताचे ऐकणे सोपे होते. ते उलट बोलत नव्हते.

“ह्या फॉर्मात माझ्या ‘न्हाय’ला जागा कुठं हाय?” वृषालीने दारातून वळून विचारले.

तात्यांनी प्रामाणिकपणे चारही पाने उलटली. “तीस वर्षं ह्योच फॉर्म भरतोय, गाईंपास्नं कुणी मागितलीच न्हाय गं. एकबी तक्रार न्हाय.” मग चहा घेऊन आलेल्या पत्नीकडे वळून ते हसले, “हिलाच इचार की. काय गं धोंडाबाई, तुला तरी कुणी इचारलं व्हतं? झालाच न्हवं चाळीस वर्षं संसार?”

प्रश्न तसा कोणत्याही घरात विचारता येण्याजोगा; म्हणूनच तो कुणी विचारत नाही. शिवमने मोठ्या आशेने वर पाहिले.

धोंडाबाईंनी तात्यांच्या पुढ्यात नुकताच ठेवलेला भरला कप उचलून पुन्हा तबकात ठेवला आणि त्या आत निघून गेल्या.