संशयित उतार

बेलापूरच्या एका वास्तुरचना कार्यालयात सोमवारी नवा अँटिव्हायरस बसवण्यात आला. त्यानिमित्त केक कापला गेला. केक संपेपर्यंत सर्व्हरवरचे चालू कामाचे सगळे नकाशे उघडायचे थांबले होते, म्हणजे सुरक्षा तातडीने लागू झाली होती.

अडचण एवढीच होती, की खाडीकाठच्या एका गावातल्या मासळी बाजारात दुसऱ्या दिवशी सकाळी काँक्रीट पडायचे होते. मूळ नकाशात जमिनीचा उतार चुकून गटाराऐवजी मासळीवालींच्या ओट्यांकडे दिला होता. नकाशे काढणाऱ्या दिपेशने तो रविवारी येऊन दुरुस्त केला होता. कोपऱ्यातला ओटा त्याच्या आईचा, शांतीचा होता.

दिपेश संगणक विभागाच्या मितेशकडे गेला.

"फाइल काल बदललीय," मितेश स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाला.

"मीच बदलली. चूक होती."

"तेच ना. बदललेल्या फाइलवर याचा विश्वास नाय. जुनी बघ, कशी पटकन उघडते."

"जुनी चुकीचीय."

"चुकीची असेल. पण क्लीन हाय."

दिपेशने जुन्या फाइलची प्रत काढून तिच्यात उतार पुन्हा फिरवला. सेव्ह करताच तीही बदललेली ठरली आणि त्याच्या डोळ्यांदेखत विलगीकरणात गेली. कार्यालयप्रमुख नमिता मॅडमनी सांगितले की सवलतीची खास सोय आहे. अँटिव्हायरसने निर्दोष ठरवलेली कोणतीही फाइल अँटिव्हायरसच्या तपासणीतून वगळता येते. शेवटी दिपेशने ठेकेदार मानसिंगला फोन केला. मानसिंग पापभीरू माणूस होता. शिक्क्याच्या नकाशाशिवाय तोंडी सांगितलेला उतार तो ओतत नसे.

संध्याकाळी मॅडमनी निर्णय घेतला, की जो नकाशा उघडतो तोच अंतिम समजावा. त्याला शिक्का मारून तो साइटवर पाठवण्यात आला.

रात्री जेवताना दिपेशने आईला सगळे सांगितले.

"म्हंजे पानी माजे पायाशी येल?"

"येल."

"न तुजा कंपूटर?"

"त्याला काय नाय झाला."

"बरा झाला," शांती म्हणाली आणि त्याच्या ताटात अजून एक तुकडी वाढली.

महिन्याच्या अहवालानुसार कार्यालयात एकही विषाणू शिरला नाही. त्याबद्दलचे प्रमाणपत्र फ्रेम करून दाराशी लावले आहे. बाजारही सुरू झाला आहे. मासे धुतलेले सगळे पाणी मंजूर नकाशाप्रमाणे ओट्यांच्या पायथ्याशी येऊन थांबते. शांती थर्माकोलच्या खोक्यावर पाय घेऊन बसते.

रविवारी तुम्ही तिच्याकडेच येता. पँट घोट्याच्या वर दुमडता, पापलेटचे कल्ले उचलून ताजेपणा तपासता आणि पिशवी घेताना तिला सुनावता, "मावशी, जरा स्वच्छता ठेवत जा की."