राघोच्या गालावरचा व्रण

कल्याणच्या बाजारात धान्य मापणाऱ्या राघोच्या गालावर पूर्वी लिंबाएवढे आवाळू होते. ठाण्याच्या दवाखान्यात ते त्याने कापून काढविले, आणि तेव्हापासून त्याच्या ठायी अशी काही वीरश्री संचरली, की गिऱ्हाइकापुढे पायली धरण्यापूर्वी तो आधी गाल धरी! "पाहा! शस्त्राचा घाव आहे हा!"

या पराक्रमाचा खरा रोख डोंबिवलीकडे होता. तेथील त्याचे सासरे महिपतराव त्यास चारचौघांत 'भित्रा जावई' म्हणत. आता अधिकमासाच्या जेवणाचे आमंत्रण आले होते. तेथे जाऊन हा व्रण दाखवावा आणि सासऱ्यांचे मुख कायमचे बंद करावे, असा राघोचा दृढ निश्चय होता.

परंतु घरात निराळाच प्रकार चालला होता. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे बायको शेवंती रोज त्या व्रणावर हलक्या हाताने खोबरेल चोळी आणि उन्हात निघताना उपरण्याने गाल झाकावयास लावी. परिणामी व्रण दिवसेंदिवस फिका पडू लागला!

"अगं, किती चोळशील! पुसून टाकतेस की काय?"

"मग काय तोरण बांधू त्याला? मला नाही बघवत तो."

राघो चिंताक्रांत झाला. परीट कपड्यावर बिब्ब्याने खूण करतो, ती कितीही आपटली तरी जात नाही, हे त्यास स्मरले. निघण्याच्या आदल्या दिवशी त्याने गुपचूप बिब्बा ठेचून व्रणावर मनसोक्त घासला.

सकाळी पाहतो तो गाल भोपळ्यासारखा टरारलेला! व्रण त्यात कोठे गडप झाला, पत्ता नाही. न जावे, तर पुन्हा भित्रा ठरणार; म्हणून बिचारा शेवंतीला घेऊन तसाच निघाला.

महिपतराव दारातच थबकले. "अरेच्चा! आवाळू तर तिथंच आहे! उलट बाळसं धरलंय त्यानं! काय जावईबापू, चाकू बघून पळालात ना?"

ओटीवरचे सोयरे खो खो हसले. राघोने खुलासा करावयास तोंड उघडले, परंतु ओठही सुजल्यामुळे "फ... फ..." एवढेच बाहेर पडले.

तेव्हा शेवंती पुढे झाली. बापापुढे मान वर करून ती आजवर बोलली नव्हती.

"बा, हसू नका. मी दवाखान्यात दाराबाहेर बसले होते. आत यांनी अशी बोंब ठोकली, की बाहेरचा टांग्याचा घोडा उधळला! 'शेवंते गं, मेलो गं' म्हणत होते. मी दार धरून रडत होते. पण हे जागचे उठले नाहीत."

  महिपतरावांनी आपल्या शेजारचा पाट स्वतःच्या हाताने सरळ केला.

"बसा, जावई. मी असतो तर पळालो असतो."

राघोचे अंतःकरण भरून आले. इतक्यात सासूबाई तुपाची वाटी घेऊन आल्या. त्याने कृतार्थ मुद्रेने पान पुढे सरकविले.

"बिब्बा उतलाय मेला!" असे म्हणून त्यांनी सगळी वाटी त्याच्या गालावर उपडी केली.