पेटी क्रमांक सात

जी वस्तू पेटीतून कधी बाहेरच निघत नाही, ती कधी हरवत नाही. आपल्या मध्यभारत राज्याचा कारभार गेली आठ वर्षं याच सत्यावर उभा आहे. हिवाळ्यात सरकार ग्वाल्हेरला असतं, उन्हाळ्यात इंदूरला जातं (सरकारलाही ऊन लागतं), आणि सोबत फायलींच्या पेट्या जातात. त्या भरण्याचं काम माझ्या बाबांकडे. खात्याचं नाव सांगत नाही, कारण नवं राज्य झालं की ते बदलणार आहे म्हणे. आठ वर्षांत बाबांनी एक कागद हरवू दिलेला नाही. पेट्या उघडाव्यात म्हणेपर्यंत परतायची तारीख येते.

असा अनुभवी माणूस घरात असल्यावर शिमल्याची तयारी कशी झाली असेल बघा. मी नववीच्या अख्ख्या वर्गाला सांगून ठेवलं होतं की मी सात हजार फुटांवर जाणार. कुमुदिनी म्हणाली, "तू? तू तर किल्ला चढताना रडतेस." म्हणजे आता जाणं भागच होतं.

बाबांनी यादी केली. मग याद्यांची यादी केली. माणशी स्वेटर चार, मफलर दोन, कानटोपी एक (आईची हरकत नोंदवून घेतली, टोपी कायम). थंडीची सवय व्हावी म्हणून भर मे महिन्यात आम्ही हे सगळं घालून रोज तासभर गच्चीवर बसायचो. शेजारच्या शालिनीताईंनी विचारलं, "घरात कोणी आजारी आहे का गं?"

"अजून नाही," आई म्हणाली.

सामान अकरा हिरव्या पेट्यांत भरलं. पाटणकर बाजारातल्या पेंटरनं त्यांवर पांढरे आकडे घातले. सरकारी पेट्यांवरही तोच घालतो, हात बसलेला आहे. तिकिटं सगळ्यात मोलाची, म्हणून पेटी क्रमांक सातमध्ये, अगदी तळाशी.

त्याच आठवड्यात सरकारही निघालं होतं. त्याच्याही अकरा हिरव्या पेट्या आमच्याच व्हरांड्यात, आमच्या पेट्यांशेजारी ठेवल्या होत्या. निघायच्या दिवशी सकाळी शिपाई तुकोजींनी अकरा पेट्या मोजून इंदूरच्या गाडीत चढवल्या. मोजणी बरोबर भरली.

संध्याकाळी आम्ही स्टेशनवर.

"टिकट?" टीसी म्हणाले.

"पेटी क्रमांक सात," बाबा म्हणाले.

"तो खोलिए."

"पेटी मुक्कामाला पोचल्यावरच उघडते."

"साहब, बिना टिकट मुक्काम पर पहुँचेंगे कैसे?"

हा प्रश्न आठ वर्षांत कोणी विचारला नव्हता. गाडीनं शिटी दिली तशी मी त्यांच्या हातातून किल्ली ओढली आणि कुलूप काढलं. (घरच्या आणि सरकारी सगळ्या पेट्यांना एकच किल्ली, ही बाबांचीच योजना.)

आत अर्ज होते. खच्चून भरलेले, लाल फितीत बांधलेले अर्ज.

गाडी गेली.

बाबांनी तिथूनच इंदूरच्या कचेरीला तार केली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: "पेटी सात सुखरूप. उघडलेली नाही." बाबांनी ते दोनदा वाचलं. त्यांचे डोळे भरून आले. "बघ," ते आईला म्हणाले, "कशी माणसं तयार केलीत मी."

आईनं कानटोपी काढून त्यांच्या हातात दिली.

मी सुट्टीभर गच्चीवर बसून ते अर्ज वाचतेय. कुमुदिनीच्या वडिलांचाही आहे. सांगणार नाही तिला, किल्ल्यावरून बोलली होती. पण आपण सन पन्नासात अर्ज दिला असेल आणि अजून उत्तराची वाट बघत असाल, तर काळजी नसावी. मी वाचला. अक्षर छान आहे आपलं. एक सुरकुती पडलेली नाही. आणि माझ्याइतकाच तोही शिमल्याच्या जवळ पोचून आलाय: ग्वाल्हेर स्टेशन, प्लॅटफॉर्म क्रमांक एक.